देवाची क्षमा आणि मनुष्याचे ऋण

भावाच्या वाट्याची जमीन बळकावणारा गृहस्थ तीर्थस्नान करून येतो आणि आपण निष्पाप झालो असे मानतो. जमीन मात्र त्याच्याच नावावर राहते. अशा मनुष्याचे पाप खरोखर फिटले काय? ह्या प्रश्नाचा विचार इतर धर्मांनीही केला आहे.

कोकणातील मराठीभाषी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, आपल्या प्रायश्चित्तदिनास 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारे लावून उपवास करण्याची त्यांची चाल होती. परंतु यहुदी धर्मशास्त्र बजावते की, देवाविरुद्ध केलेले पाप त्या दिवशी फिटेल. शेजाऱ्याचा केलेला अपराध मात्र त्याची समजूत घातल्यावाचून फिटणार नाही.

ख्रिस्ती मत निराळे आहे. आदिमानवाच्या पतनामुळे सर्व मनुष्यजात पापाधीन झाली. ती स्वबळाने तरत नाही. ख्रिस्ताच्या बलिदानामुळे, ईश्वरी कृपेनेच तिचा उद्धार होतो. मग पाप करणाऱ्यास मोकळीक मिळाली काय? मुळीच नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकेत ८ सप्टेंबरच्या उत्सवास कित्येक भाविक भगवी वस्त्रे नेसून येतात. ते चर्च ज्या कॅथॉलिक पंथाचे, त्यात पापकबुलीनंतर धर्मगुरू क्षमा उच्चारतो; तथापि चोरलेली वस्तू परत करण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही. शुभवर्तमानातील जक्कय जकातदारानेही, कोणास नाडले असल्यास चौपट परत करीन, असे येशूपुढे कबूल केले.

आपले शास्त्र तरी दुसरे काय सांगते? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चोरीचे प्रायश्चित्त सांगताना, चोरलेले द्रव्य आधी परत करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. दंडाविषयी मतभेद मोठे आहेत. ख्रिस्ती परंपरेने बहुधा नरक शाश्वत मानला. आपल्याकडे तो भोगाने सरतो. परंतु परक्याचे धन घरात ठेवून मुक्ती मिळते, असे ह्यांपैकी कोणीही म्हणत नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान अत्यंत दुराचाऱ्यासही अभय देतात. मात्र त्याचे कारणही सांगतात: त्याचा निश्चय योग्य झालेला असतो आणि तो लवकरच धर्मात्मा होतो. म्हणजे कृपा ही जुने आचरण चालू ठेवण्याची सनद नव्हे, ते सोडण्याचे बळ होय.

म्हणून साधकाने देवापुढे हात जोडण्यापूर्वी त्या हातांत दुसऱ्याचे काही राहिले नाही ना, हे पाहावे. राहिले असेल तर ते आजच परत करावे. भावाच्या दाराशी जाणे तीर्थयात्रेहून कठीण असते. पण तो मार्ग चुकवून पुढे जाणारी वाट नाही.