बंदिवासातील कर्मपूजा

मनुष्य पुष्कळदा मनाशी म्हणतो, ‘परिस्थिती अनुकूल झाली म्हणजे भगवंताचे काम करीन.’ परंतु ज्याचे स्वातंत्र्यच हिरावले गेले आहे, त्याने काय करावे?

बंगळुरातील इंदिरानगर ही आज सुखवस्तू गृहस्थांची वसाहत आहे. याच शहराच्या वायव्य भागात, जालहळ्ळी येथे, दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या. घर समुद्रापार आणि सुटकेचा दिवस अज्ञात! अशा स्थितीत देशोदेशींच्या युद्धकैद्यांनी रिकामे डबे, लाकडाचे तुकडे यांतून पेट्या, खेळणी व स्मृतिचिन्हे घडविली. कित्येकांनी ती भाकरी-तंबाखूच्या मोबदल्यात दिली. भुकेल्यास त्याचा दोष लागत नाही. पण काहींचे कर्म या देवघेवीच्या पलीकडे गेले.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने बेटांपैकी लॅम्ब होम येथेही इटालियन कैदी होते. १९४३ मध्ये त्यांनी पत्र्याच्या दोन झोपड्या जोडून प्रार्थनामंदिर उभारण्यास आरंभ केला. मांसाच्या रिकाम्या डब्यांचे त्यांनी दिवे केले. दोमेनिको क्योकेत्ती या कैद्याजवळ आईने दिलेले एक लहानसे चित्र होते. त्यावरून त्याने वेदीमागे माता व बालक रंगविले. १९४४ मध्ये सोबत्यांना तेथून हलविण्यात आले, तेव्हा अपुरे राहिलेले जलपात्र पुरे करण्यासाठी तो मागे थांबला. ते मंदिर त्याला स्वदेशी नेता येणार नव्हते. भूमीही शत्रुपक्षाची होती. तरी हात थांबले नाहीत. पुढे १९६० मध्ये, स्वतंत्र नागरिक म्हणून, तो त्याच मंदिराची डागडुजी करण्यास परत गेला.

फळाचा अधिकार सोडून कर्म करावे, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा उपदेश आहे. आपल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा करावी, असे अठरावा अध्याय सांगतो. त्या कैद्याने गीता वाचली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याचे आचरण या उपदेशाशी जुळते, हेच महत्त्वाचे.

गृहस्थाश्रमातही बंधने आहेत. कोणी कर्जाने बांधलेला आहे, कोणी अंथरुणावरच्या वृद्ध पित्याच्या सेवेने, कोणी न आवडणाऱ्या नोकरीने. सुटकेची वाट पाहण्यात आयुष्य सरते आणि हातचे काम चिडत, कसेबसे उरकले जाते. साधकाने असे न करता आज समोर आलेले एक तरी काम भगवंताला अर्पण करावयाचे आहे, या भावनेने नीट, शेवटपर्यंत करावे. बंधन सुटेल तेव्हा सुटेल. अर्पण करण्यास आजच कोणाची आडकाठी नाही.