जुनेपण कुणाच्या नशिबी?

आवडत्या गावाला पुन्हा जाताना आपण मनात एक अट धरून जातो: ते होतं तसंच असावं. आपण बदललो तर चालतं, गावाने मात्र बदलायचं नाही. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातलं रिकवीर ही अट बिनतक्रार पाळतं. १२९१ सालचा डोल्डर बुरूज, लाकडी चौकटींत भरलेल्या भिंतींची रंगीत घरं, दारांच्या कमानींवर कोरलेली सोळाव्या शतकातली सालं. या खेपेलाही सगळं जागच्या जागी होतं. तरी मला प्रश्न पडला, तो जवळच्या बेनवीरमुळे.

बेनवीरही जुनं, द्राक्षांवरच पोसलेलं गाव. डिसेंबर १९४४मध्ये कोलमारभोवतीच्या लढाईत ते जमीनदोस्त झालं. आज तिथे युद्धानंतरची साधीसुधी घरं आहेत. पर्यटकांच्या झुंडी तिकडे फिरकत नाहीत. रिकवीर त्या तडाख्यातून सुटलं. म्हणजे ज्याला आपण 'जपलेला वारसा' म्हणून वाखाणतो, त्यात जपणुकीबरोबर नशिबाचाही वाटा असतो.

मग इथे खरोखर जुनं काय? वेलीसुद्धा नाहीत. रिकवीरच्या शोनेनबूर उतारावर रीसलिंगच्या वेलीचं खोड जमिनीलगत न्याहाळलं, तर एक फुगीर गाठ दिसते. ती कलमाची. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. त्यावर उपाय म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर युरोपी वाण आला. डॉगरीज खुंटावर कलम करणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. मुळं परकी, तरी वाइन आल्सासचीच. प्रांताची मालकीही १८७१ ते १९४५ या काळात जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात चारदा फिरली.

टिकली ती कामाची रीत: हिवाळ्यातली छाटणी, शरदातली तोडणी, कुठला उतार कुठल्या वाणाला मानवतो याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण. बेनवीरकरांनी घरं नव्याने उभारली, पण बागा त्याच उतारांवर राखल्या. वारसा त्यांनीही चालवलाच, फक्त तो दिसायला देखणा नाही.

आपली अट गावाच्या दर्शनी भागापुरती असते. गाव जगतं ते मात्र कामावर. म्हणून रिकवीरला पुन्हा जाणाऱ्याने अर्धा दिवस बेनवीरसाठी राखावा. फोटो काढण्याजोगं तिथे फारसं नाही, पण वाइन त्याच तोडीची मिळते.