हाक आणि पत्ता

सकाळचे सहा. दूधवाला नुकताच येऊन गेलेला. माहेरच्या जुन्या घरात, माजघराच्या गार फरशीवर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. फायबरचा राउटर पुढच्या खोलीत आहे, पण जाड मातीच्या भिंती ओलांडून त्याचं वाय-फाय आत पोचत नाही. आईला मात्र देवघराशेजारच्या तिच्या खुर्चीत बसूनच नातवाशी बोलायचं असतं. म्हणून मी दुसरा राउटर आणून माजघरात लावला, पहिल्यापासून त्याच्यापर्यंत केबल ओढली. नवं वाय-फाय दिसू लागलं, लॅपटॉप त्याला जोडलाही गेला. पुढे मात्र एकही पान उघडेना.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: दार कुठे आहे? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टंकलं की ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे घराच्या दाराचा क्रमांक येतो. ही ओळ रिकामी असेल आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावं की त्याने हाक मारली पण ओ द्यायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने आपलाच एक पत्ता लावून घेतला. माझ्याकडे तसं नव्हतं. गेटवे दिसत होता: १९२.१६८.१.१. मग मी पुढच्या खोलीत जाऊन जुन्या वाय-फायला जोडून पाहिलं. तिथेही १९२.१६८.१.१.

एका घरात दोन नाना! आमच्या एकत्र कुटुंबात खरंच होते. बाहेरून कोणी ‘नाना आहेत का?’ विचारलं की दोघंही उठायचे. पुढे त्यांचे थोरले नाना आणि धाकटे नाना झाले, तेव्हा कुठे निरोप योग्य जागी पोचू लागले.

हा आकडा लाखो घरांत सारखाच कसा, याचं मला पूर्वी कोडं पडे. पत्ता म्हटला की तो जगात एकच हवा ना? पण इंटरनेटची जुनी पत्तेपद्धत ३२ बिटांची. तिच्यात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. हे होणार, याचा अंदाज आधीच होता. म्हणून १९९० च्या दशकातच काही पट्टे फक्त घरगुती आणि कचेरीच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चे. ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरावेत. फक्त घराबाहेर त्यांना किंमत नाही. म्हणजे तो पत्ता नव्हेच, ती हाक आहे. ‘ताई’ किंवा ‘अण्णा’ या हाकेसारखी. घराघरांत ताई असते, आणि कोणाचाच गोंधळ होत नाही.

मला मोठं वाटतं ते उंबरठ्यावरच्या राउटरचं काम. आत दहा उपकरणं, बाहेर साऱ्या घराचा मिळून एक पत्ता. कोणत्या फोनने काय मागितलं, हे तो टिपून ठेवतो आणि बाहेरून आलेलं उत्तर नेमकं त्याच फोनच्या हाती देतो. आमची आजी ओसरीवर बसून हेच करायची. पोस्टमन एक गठ्ठा देऊन जाई आणि ती पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखून ज्याचं पत्र त्याला नेऊन देई.

नव्या राउटरच्या तळाच्या लेबलवर पासवर्ड होता. ब्राउझरमध्ये राउटरचा क्रमांक टाकून आत गेले, पासवर्ड बदलला आणि ‘लॅन’च्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, पानावर १९२.१६८.१.१ खोडून १९२.१६८.२.१ केलं. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. मिनिटभराने आईच्या फोनवर नातवाचा पेंगुळलेला चेहरा उमटला आणि ती खुर्चीत पुढे सरकली.

बोलणं संपल्यावर तिने मला तो आकडा परत सांगायला लावला. चष्मा लावून, कालनिर्णयावरच्या दुधाच्या हिशेबाखाली तो सावकाश लिहून घेतला आणि शेजारी लिहिलं: माजघर.