युद्धकाळी उपहास : अपराध की सेवा?

राष्ट्र युद्धात गुंतले असता त्याच्या कारभाऱ्यांचा उपहास करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता शहरातील वर्तमानपत्रवाल्यांचा दिसतो. परंतु आज तो हुपरीसारख्या गावातही प्रत्येकाच्या हाती येऊन पोहोचला आहे. कोठे तरी युद्ध पेटते, कोणी तरी एक चित्र काढतो, ते मोबाइलवरून घरोघर फिरते, आणि सायंकाळी कट्ट्यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शिपाई तिकडे प्राण देत असता ह्याला हसू कसे येते? दुसरा म्हणतो, शिपायाला ज्यांनी पाठविले त्यांना जाब विचारावयाचा कोणी? बहुधा दोघेही प्रामाणिक असतात. म्हणूनच ह्या प्रश्नाचा शांत चित्ताने विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

उपहास ही काही परदेशातून आलेली वस्तू नव्हे. तमाशाच्या वगातील सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, प्रसंगी राजाचीही फजिती करी, आणि ज्यांची फजिती होई तेही ती ऐकून घेत. एकनाथांच्या भारुडांत ढोंगाला चिमटे आहेत. सत्यशोधकांच्या जलशांनी ह्याच मुलखात विद्वत्तेचा व सत्तेचा तोरा उतरविला. हे सर्व लोकांनी चालवून घेतले. परंतु शांततेच्या काळी जो बोल खपतो तोच युद्धकाळी बोचतो, कारण त्या वेळी कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ मरणाच्या तोंडी उभा असतो. ज्याच्या घरी बातमीची वाट पाहिली जाते, त्याला थट्टा सहन होत नाही. ही वेदना खरी आहे, आणि उपहासाची बाजू घेणाऱ्याने ती आधी मान्य केली पाहिजे.

आता एक खरे उदाहरण घेऊ. १९३९ च्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या लोकांस न विचारता व्हाइसरॉयने हा देश महायुद्धात ओढला. त्यावर मुंबई इलाख्यातील व इतर प्रांतांतील काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. डॉ. आंबेडकरांनी हिटलरशाहीच्या पाडावासाठी युद्धास साहाय्य करणे इष्ट मानले. सावरकरांनी तरुणांस सैन्यात शिरण्यास सांगितले. कम्युनिस्टांनी प्रथम ह्याच युद्धास साम्राज्यशाही युद्ध म्हटले आणि १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर चाल केल्यावर पुढे त्यालाच लोकयुद्ध म्हणू लागले. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढता लढता पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. त्याच काळी सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेशी झुंजत होते. एकाच मातीतील माणसे, एकाच युद्धाविषयी इतकी भिन्न मते! त्यांपैकी देशावर प्रेम नव्हते असे कोणाविषयी म्हणता येईल?

त्या युद्धाच्या आरंभीच, २० सप्टेंबर १९३९ रोजी, लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात डेव्हिड लो यांचे एक चित्र आले. हिटलर व स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून, मोठ्या अदबीने परस्परांना नमस्कार करीत आहेत, तोंडाने मात्र शेलक्या शिव्या देत आहेत, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडले आहे. हे प्रेत पोलंडचे. दोन्ही बाजूंनी सैन्ये शिरून तो देश नुकताच वाटून घेतला गेला होता. चित्र पाहून लोक हसले. परंतु त्या प्रेताच्या जागी जिवंत माणसे होती, आणि त्यांच्यापैकी काही पुढे आपल्याच उंबरठ्याशी आली.

हुपरीहून वळिवडे फार दूर नाही. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५००० माणसे तेथे राहिली. त्यांत बायका व मुले अधिक. रशियाने १९४० व १९४१ साली त्यांना घरादारांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तान अशा दूर मुलखांत नेऊन टाकले होते. तेथून सुटल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर त्यांनी शाळा चालविल्या, प्रार्थना केली, आपले मृत पुरले. आता विचार करा. १९४१ नंतर रशिया हा इंग्रजांचा दोस्त झाला होता. स्टालिनची थट्टा करणारे जुने चित्र त्या दिवसांत मुत्सद्द्यांना अडचणीचे वाटावे, हे स्वाभाविक होते. परंतु दोस्ती बदलली म्हणून वळिवड्याच्या त्या आईची हकीकत बदलली काय? तिचे जे गेले होते ते गेलेलेच होते. युद्धात राजकारण्यांना आज एक व उद्या दुसरे बोलावे लागते. चित्रकाराने एकदा खरे रेखाटले की ते तसेच राहते. उपहासाचा पहिला उपयोग हा की, सोयीसाठी विसरले जाणारे सत्य तो विसरू देत नाही.

ह्यावर दुसरा पक्ष म्हणेल, अशाने लोकांचा धीर खचतो. हा आक्षेप इंग्लंडातही निघाला. १९४२ च्या मार्चमध्ये ‘डेली मिरर’ पत्रात फिलिप झेक यांनी एक चित्र काढले. काळ्याकुट्ट समुद्रात, बुडालेल्या जहाजावरील एक खलाशी फळकुटाला बिलगून पडला आहे. खाली एवढेच की, पेट्रोलची किंमत एक पेनीने वाढली. झेक यांचे म्हणणे असे होते की, पेट्रोल आणण्यासाठी माणसे मरतात, ते उधळू नका. परंतु चर्चिल यांच्या सरकारने त्यातून निराळाच अर्थ काढला. व्यापाऱ्यांच्या नफ्यासाठी खलाशी मरतात, असे हे चित्र सुचविते, असे त्यांना वाटले. गृहमंत्री मॉरिसन यांनी पत्र बंद करण्याची धमकी दिली; आणि हेच मॉरिसन १९१४ च्या युद्धाचे विरोधक होते! पार्लमेंटात ह्या धमकीवर कडक टीका झाली व पत्र बंद झाले नाही. धीर खचून ते राष्ट्र हरले काय? नाही. ज्या लोकांना बोलता येते त्यांचा धीर एका चित्राने खचत नसतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथे नाथान संदेष्ट्याची आठवण होईल. दावीद राजाचे सैन्य राब्बा नगरास वेढा घालून बसले होते, आणि राजाने आपले पाप झाकण्यासाठी उरीया नावाच्या एका इमानी शिपायास लढाईच्या तोंडी देऊन मारविले होते. नाथानाने राजास मेंढीची एक साधी गोष्ट सांगितली. राजा संतापला, आणि मग त्याला कळले की गोष्ट आपलीच आहे. युद्ध चालू आहे, आता गप्प बसावे, असे त्या संदेष्ट्याने मनात आणले नाही.

आपल्या देशातील वागणूक पाहू. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला व २० ते ३० लाख माणसे मेली. चित्रकार चित्तप्रसाद हे मेदिनीपूर भागात पायी फिरले व भुकेची चित्रे काढून आणली. ती मुंबईत पुस्तकरूपाने छापली गेली, तेव्हा सरकारने त्या पुस्तकाच्या जवळजवळ सर्व प्रती जप्त करून नष्ट केल्या. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, चित्तप्रसाद ज्या पक्षाचे होते तो कम्युनिस्ट पक्ष त्या वेळी युद्धाच्या बाजूचा होता. म्हणजे युद्धास पाठिंबा देणारा मनुष्यही राज्यकर्त्यांची निष्काळजी उघडी करू शकतो. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही. सरकारने कागद नाहीसे केले, परंतु त्यामुळे एकही भुकेला जेवला नाही.

ह्याच्या उलट १९६२ सालचे उदाहरण. चीनच्या युद्धात झालेल्या मानहानीनंतर मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून आर. के. लक्ष्मण यांनी पंतप्रधान नेहरूंवर व्यंगचित्र काढले. नेहरूंनी त्यांना दूरध्वनी करून चित्र आवडल्याचे सांगितले व सहीसह मोठी प्रत मागितली, अशी आठवण लक्ष्मण यांनीच सांगून ठेविली आहे. सर्व काही असेच गोड होते असे नव्हे. त्याच दिवसांत कित्येक विरोधकांस चौकशीवाचून स्थानबद्धही करण्यात आले. तथापि ज्याच्यावर बाण सुटला त्याने तो हसून झेलावा, ह्यात राज्यकर्त्याचा मोठेपणा दिसतो.

येथवर आम्ही उपहासाची बाजू मांडली. परंतु प्रत्येक विद्रूप चित्र पूज्य आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९२३ पासून जर्मनीत ‘डेर श्टुर्मर’ नावाचे साप्ताहिक निघे. त्यात यहुदी लोकांची किळसवाणी चित्रे आठवड्यामागून आठवडा येत. लोक हसत गेले, आणि हसता हसता शेजाऱ्याला माणूस मानीनासे झाले. त्याचा परिणाम जगाने पाहिला. त्या पत्राचा चालक श्ट्रायखर १९४६ साली फासावर गेला. इकडे दोस्त राष्ट्रांच्या पत्रांतही जपानी लोकांना माकडे म्हणून रंगविले जाई. तेव्हा लेखणी व कुंचला ह्यांनी सत्य वाचते तसे माणसाचे रक्तही सांडते, हे विसरून चालणार नाही.

मग कसोटी कोणती? हुपरीच्या कारागिराला चांदीचा टंच काढल्यावाचून ती चांगली की वाईट हे सांगता येत नाही. नुसत्या चकाकीवर तो विश्वासत नाही. उपहासाचाही टंच काढावा. प्रथम पाहावे, घाव कोणावर आहे? ज्याच्या हुकुमाने माणसे मरणाकडे जातात त्याच्यावर, की जो मरतो, पळतो, उपाशी राहतो त्याच्यावर? दुसरे, चित्रात जे सुचविले ते खरे आहे काय? तिसरे, त्या युद्धात ज्या आईचा मुलगा गेला तिच्यापुढे हे चित्र ठेवण्याचे धैर्य आपल्यास होईल काय? लो यांचे चित्र वळिवड्याच्या छावणीत दाखविता आले असते. ते पाहून तेथील बायका कदाचित रडल्या असत्या, परंतु आपला अपमान झाला असे त्यांना वाटले नसते. ‘श्टुर्मर’चे चित्र एखाद्या यहुदी घरात दाखविता आले असते काय? दोन्हींतला भेद येथे कळतो.

आणि चित्र ह्या कसोटीला उतरले नाही तर? तर त्यास उत्तर द्यावे; दुसरे चित्र काढावे, लेख लिहावा, सभेत बोलावे. दगड, धमकी व कुलूप ही उत्तरे नव्हेत. २०१२ साली व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तो आरोप पुढे मागे घेण्यात आला, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांस बजावले की, सरकारवरील टीका कितीही झोंबणारी असली तरी ती हिंसेस चेतविणारी नसेल तर तिला राजद्रोह म्हणता येत नाही.

वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी युद्धाविषयी एखादे चित्र हाती आले की ते लगेच पुढे पाठवू नये, आणि लगेच संतापूही नये. घटकाभर थांबून त्याचा टंच काढावा. खोटे व दुबळ्यांना हिणविणारे असेल तर आपल्या हातीच ते थांबवावे. खरे असेल व आपल्या पक्षाला बोचत असेल, तर ते अधिक काळजीपूर्वक पाहावे. आणि कट्ट्यावर ज्या शेजाऱ्याचे मत आपल्याहून निराळे आहे त्याला देशद्रोही म्हणण्यापूर्वी हे स्मरावे की, १९४२ साली ह्याच मुलखात एका घरचा मुलगा फौजेत व दुसऱ्या घरचा तुरुंगात होता, आणि दोन्ही घरांतील आया रात्री जागत होत्या.