ठरवून भिण्याविषयी

गेला पंधरवडा आमच्या घरी एक बेत शिजत आहे. आमची कन्या, तिच्या तिघी मैत्रिणी आणि आमचा भाचा अशा पाच मंडळींनी ऑक्टोबरच्या अखेरीस खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात जावे व हॅलोवीनच्या निमित्ताने मांडला जाणारा भुतांचा थाट पाहून यावे, असे ठरविले आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाल्यापासून असल्या बेतांना भलतेच बळ आले आहे; पूर्वी रेल्वेच्या आरक्षणापाशीच जो उत्साह थंडावत असे, तो आता 'पहाटे निघू' एवढ्यावर भागवून घेतो. बेताचा तपशील एका वहीत उतरवलेला आम्ही पाहिला. कोणत्या दिवशी गर्दी कमी असेल, काळोख पडल्यावरच आत का शिरावे, त्यापूर्वी पोटभर का खाऊ नये, हे सर्व तीत आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो रांगेचा क्रम. सर्वांत भित्री जी असेल तिला मधोमध ठेवावे, कारण पुढच्यावर भूत समोरून येते व शेवटच्यावर पाठीमागून, असा कोणा अनुभवी माणसाचा सल्ला तेथे टिपून ठेवला आहे. परीक्षांची वेळापत्रके करण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. परंतु भीतीचे वेळापत्रक आम्ही प्रथमच पाहिले.

न बोलावता येणे हेच भीतीचे लक्षण, असे आम्ही आजवर समजत होतो. तिला तारीख द्यावी, तिच्यासाठी पैसे मोजावे आणि एवढा प्रवास करून तिच्या भेटीस जावे, यात काही विपरीत आहे की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे आला तो मात्र तत्त्वचिंतनाच्या ओढीने नव्हे. 'बाबा, बरोबर कोणीतरी मोठे माणूस हवे, तुम्ही येता का?' असे कन्येने विचारले, म्हणून आला.

हा सण परकी आहे, सबब त्याज्य आहे, हा आक्षेप आम्हांस क्षणभरही अडवीत नाही. १ नोव्हेंबरच्या सर्वसंतदिनाची ही पूर्वसंध्या. मृतांची आठवण तिच्या मुळाशी आहे, आणि ज्यांच्या घरी सर्वपित्री अमावास्येला पान वाढले जाते त्यांना तीत अनोळखी असे फारसे काही नाही. तिची तिकिटे निघू लागली हा प्रकार मात्र अलीकडचा. दक्षिण कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ साली आपल्या आवारात भुतांच्या रात्री भरविण्यास आरंभ केला व त्याचे अनुकरण जगभर झाले. मुले अंधश्रद्ध होतील हा दुसरा आक्षेप. त्याचीही आम्हांस धास्ती वाटत नाही. काळ्या पडद्यामागून बाहेर येणाऱ्या भुताला ठरावीक वेळी जेवणाची सुट्टी असते, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

मग या सुखाचे स्वरूप काय? आमच्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. भरताने भय हा स्थायीभाव मानून भयानकास रसाच्या पंक्तीत बसविले. त्याचा वर्ण काळा व देवता काल, असेही सांगितले. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातील पळणारे हरीण घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन धावणारे ते हरीण पाहताना प्रेक्षकाला 'मी भ्यालो' असे वाटत नाही, 'तो कोणी दुसरा भ्याला' असेही वाटत नाही. भय तेवढे उरते व त्याचा धनी कोणी उरत नाही. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची जी कल्पना मांडली तिचा रोख काहीसा असाच होता: परक्या भूमिकेत शिरावे, पण स्वतःला अजिबात हरवू नये. आयरिश ग्रंथकार बर्क याने १७५७ मध्ये हीच गोष्ट अंतराच्या भाषेत सांगितली. भय अंगावर येऊन आदळले तर त्यात सुख नाही, काही अंतरावर राहिले तर आहे.

भुतांच्या दालनाला हे शास्त्र पुरते लागू पडत नाही, अशी आमची अडचण आहे. नाटकगृहात आपण खुर्चीत बसलेले असतो व हरीण दुसरेच असते. येथे हरीण आपणच. अरुंद वळणावळणाची वाट, कृत्रिम धूर, लुकलुकणारा दिवा, आणि डोळ्यांना काही उमगण्यापूर्वी कानाशी फुटलेली किंकाळी. छाती धडधडते ती आपलीच, साधारणीकरणाला तेथे सवडच नाही. म्हणजे रस नव्हे, स्थायीभावच कच्चा वाढला जातो. समाधी सविकल्प राहते ती खिशातल्या तिकिटामुळे! भुताने आपल्याला हात लावावयाचा नाही व आपण भुताला मारावयाचे नाही, असा सर्वसाधारण नियम अशा ठिकाणी असतो, आणि तो दोहोंपक्षी पाळला जाईल या विश्वासावर सगळा डोलारा उभा असतो. तो विश्वास अनाठायी ठरल्याचीही उदाहरणे आहेत. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यात एका करमणूक-उद्यानातल्या भुताटकीच्या वाड्याला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत मृत्यू पावली. धूर हा खेळाचाच भाग आहे असे आतल्या काहींना वाटले, असे मागाहून सांगण्यात आले. वहीत दाराच्या वाटांविषयी एक ओळ असावी, असे आम्ही भाच्यास सुचविले आहे. त्याने 'बरं मामा' म्हणून ती लिहिली.

भरताने भयाचे तीन प्रकार केले आहेत. व्याजाने, म्हणजे सोंगाने उपजणारे, अपराधातून उपजणारे, आणि धाकदपटशाने उपजणारे. या तिहींपैकी पहिले तेवढे विकत घेता येते, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

कारण आमची जुनी भुते बहुधा दुसऱ्या प्रकारची होती. हडळ म्हणजे कोण? गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई. मुंज्या म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला मुलगा. वासना अतृप्त राहून मेलेला ब्राह्मण तो समंध. ही नामावळी भीतीची खरी. परंतु ती वाचताना आपण एखाद्या गावाच्या मृत्यूंची नोंदवही चाळीत आहोत असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. ज्या घरात सून बाळंतपणात गेली त्या घरातल्या माणसांनी विहिरीपाशी संध्याकाळी जाऊ नये, ती दिसते, असे म्हणावे, यात भीतीइतकीच शरमही होती. सुईण वेळेवर बोलावली नव्हती, हे त्या भीतीला ठाऊक होते. तिकिटाच्या भुतामागे असा कोणाचाही मृत्यू नाही. म्हणूनच ते इतके सुटसुटीत असते, आणि दालनाबाहेर आल्यावर हसू येते. या हसण्याचा आम्ही हेवा करतो. बाळंतपणात बायका कमी मरू लागल्या म्हणून हडळ करमणुकीस मोकळी झाली, असे जर कोणी म्हटले, तर त्याहून मोठी प्रगती आम्हांस दाखविता येणार नाही.

परंतु सोंगालाही तोंड लागते, आणि ते कोठून तरी उसने आणावे लागते. येथे आमची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना शहरातील एका मैदानावर जत्रेत 'भूतबंगला' आला होता. काकांनी आम्हांस आत नेले. पावसाळी दिवस होते, काकांची छत्री आमच्या हातात होती. तिसऱ्या वळणावर लाल तोंडाचे काहीतरी किंचाळत पुढे आले आणि आम्ही डोळे मिटून छत्री हाणली. किंकाळी एकदम थांबली व तिच्या जागी साधे रडणे ऐकू आले. मुखवटा बाजूस सरकला तेव्हा त्याखाली आमच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याचा ओठ फुटला होता. मालक धावत आला, व आम्हांस नव्हे, त्या मुलासच रागे भरला. पैसे देणाऱ्याचा हात चुकवावयास त्याने शिकले पाहिजे, असे काहीतरी तो म्हणाला. काकांनी मुलाच्या हातावर दोन रुपये ठेवले. आम्हांस कोणी बोलले नाही. भ्यालेल्या मुलास काय बोलावयाचे!

भ्यालेल्याला सगळे माफ असते, ही समजूत त्या दिवसापासून आम्हांस संशयास्पद वाटू लागली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी सात माणसांना भानामतीच्या संशयावरून भर चौकात खांबांना बांधून मारहाण करण्यात आली. त्यात म्हाताऱ्या बाया होत्या, म्हातारे पुरुष होते. मारणारे लोक भ्यालेले होते, ही गोष्ट खोटी नसेल. परंतु त्यांची भीती आपणहून ज्या चेहऱ्यांवर जाऊन बसली ते चेहरे दलितांचे होते व वृद्धांचे होते; भीतीला गावातील बलिष्ठांचा चेहरा सहसा सापडत नाही. अशा आरोपाखाली माणसांना छळणे गुन्हा ठरविणारा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये आमच्या याच शहरात भरलेल्या अधिवेशनात मंजूर झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्याला तेव्हा चार महिने होत आले होते. उद्यानातील करमणुकीचा आणि या प्रकाराचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध कारणाचा नाही, हे आम्ही मान्य करतो. पण दोन्हीकडे पिंजारलेल्या पांढऱ्या केसांची, दात पडलेली, वाकलेली म्हातारी दिसली की लोक किंचाळतात. तिकीट काढून किंचाळताना ती म्हातारी कोणाची आजी असते, हे विसरावयाची सवय लागत असेल तर?

आणि या बाबतीत परक्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नागपूरकरांस मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या इतवारी-जागनाथ बुधवारीच्या भागातून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. जोडीला बडगे असतात. महागाई, लाचलुचपत, त्या वर्षी शहराला ज्याने छळले असेल ते ते त्यांच्या अंगावर लिहिलेले. रोगराई, इडापीडा घेऊन जा, असा पुकारा करीत लाखो लोक त्यांना शहराबाहेर पोहोचवितात व जाळतात. बालपणी खांद्यावर बसून पाहिलेल्या काळ्या मारबतीइतके भयंकर आम्ही पुढे काहीही पाहिले नाही. या भयाला एक मोठे सौजन्य आहे: ते सर्वांचे मिळून असते व संध्याकाळपर्यंत त्याची राख होते. उद्यानातले भूत मात्र पुढच्या रांगेसाठी तसेच मागे राहते. अशा रीतीने भिणे आम्हांस केव्हाही श्रेयस्कर वाटे.

परंतु ही काळी मारबत कोण? लोक सांगतात की ती बांकाबाई भोसले, दुसऱ्या रघूजींची राणी, जिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्यांच्या वर्तनाचे समर्थन आम्ही करणार नाही. १८५७ मध्ये त्यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले हे खरेच. मात्र त्यापूर्वी तीन-चार वर्षे, तिसरे रघूजी वारल्यावर, त्याच इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले होते, पागेतले हत्ती-घोडे विकले होते आणि जडजवाहीर लिलावास कलकत्त्याला नेले होते, हेही खरे. १८५८ साली वारलेल्या एका वृद्ध विधवेच्या नावावर त्या शहराने दरवर्षी आपली रोगराई लादावी, यात न्याय किती? राज्य बुडविण्यात हातभार लावणारे पुरुष नागपुरात थोडे नव्हते. त्यांचा एकही कायमचा बडगा नाही. बडग्यांची नावे वर्षागणिक बदलतात, मारबत तेवढी बदलत नाही. आम्ही हे एकदा वर्गात बोललो, तेव्हा एका विद्यार्थ्याने 'सर, मग मारबत काढू नये का?' असे विचारले. काढावी, असे आम्ही म्हणालो. त्यापुढे आमच्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही.

कॅलिफोर्नियातील ज्या उद्यानाचा वर उल्लेख केला, तेथेच २०१६ साली मनोरुग्णालयाच्या कल्पनेवर रचलेला एक खेळ, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्थांनी हरकत घेतल्यावर, बंद करावा लागला. वेडा माणूस हे भूत नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतकी साधी गोष्ट आवर्जून सांगावी लागते आणि ऐकलीही जाते, या दोहोंचे आम्हांस सारखेच नवल वाटले.

तेव्हा आम्ही कन्येस होकार दिला, पण एक अट घातली. आतल्या दालनात वेड्यांचे इस्पितळ किंवा चेटकीण म्हणून कोणी म्हातारी मांडलेली असेल, तर तेवढ्या वेळी आम्ही बाहेर बाकावर बसू. ती म्हणाली, 'पण बाबा, आत गेल्याशिवाय ते कळणार कसं?' हा मुद्दा आमच्या ध्यानात आला नव्हता. मंडळींची पुन्हा बैठक झाली व रांगेचा क्रम नव्याने ठरला. ज्याच्यावर भूत पाठीमागून येते ती शेवटची जागा वडीलधारे म्हणून आम्हांस देण्यात आली आहे. ऑक्टोबर संपत आला तरी घाटाखाली एखादी सर येते, म्हणून वहीत 'प्रत्येकाने छत्री घ्यावी' अशी सूचना होती. आमच्या नावापुढची ती आम्ही स्वतःच्या हाताने खोडली.