कुलूप कोणासाठी?

आज गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा पहिला श्लोक वाचला. दैवी गुणांमध्ये तिथे ‘आर्जव’ येतं. मराठीत आपण आर्जव म्हणजे विनवणी समजतो. इथे अर्थ आहे सरळपणा. तिथेच अडकले.

ऑफिसच्या लॅपटॉपला 10 मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन लॉक होते. सेटिंग बदलता येत नाही, ते आयटीवाल्यांच्या हातात. वैतागून मी माउस आपोआप हलवत राहणारं छोटं यंत्र लावलं. म्हटलं, यात कुणाचं काय बिघडतं?

परवा चहा घेऊन परतले, तर एका ग्राहकाची कर्जाची फाइल स्क्रीनवर सताड उघडी. पगार, थकलेले हप्ते, सगळं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही वाचलं असतं. आणि तो बिचारा तिथे नव्हताच.

मला वाटायचं, हे कुलूप म्हणजे माझ्यावरचा अविश्वास. ते तर त्याच्यासाठी होतं! यंत्र काढलं. आयटीकडे सरळ वेळ वाढवून मागितली, ‘नाही’ म्हणाले. चालेल. आता उठताना स्वतःच स्क्रीन लॉक करते.

तुमची अशी पळवाट कोणती? आज एकदा बघा ना.