फुटलेले आणि फोडलेले

सोलापुराहून पुण्याकडे निघाले म्हणजे मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत, म्हणजेच चिंचोळी एमआयडीसी, लागते. तेथील एखाद्या कारखान्यातून मालाची पेटी स्पेनला गेली आणि ती 'रोता' आहे असे तिकडून उलट पत्र आले, अशी वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. कारकुनाने त्याचे मराठी काय करावे? 'पेटी फुटलेली आहे', की 'पेटी फोडलेली आहे'? प्रश्न व्याकरणाचा दिसतो. परंतु आमच्या मते तो नीतीचा आहे. पहिल्या शब्दाने चौकशीला आरंभ होईल. दुसऱ्याने ती संपल्यासारखी होईल, आणि पेटी बांधणाऱ्या कोणा मजुराच्या रोजावर गदा येईल.

स्पॅनिश भाषेत हे भूतकालवाचक धातुसाधित मुख्यतः तीन क्रियापदांच्या सोबतीने येते. 'एस्तार'बरोबर ते वस्तूची स्थिती सांगते. 'सेर'बरोबर वस्तूवर घडलेली क्रिया सांगते. तेथे कर्त्याचे नाव जोडता येते, गाळताही येते. 'आबेर'बरोबर मात्र कर्त्याने काय केले, हे सांगते. पहिल्या दोहोंत वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे रोतो, रोता, रोतोस, रोतास अशी रूपे होतात. तिसऱ्यात 'रोतो' हे एकच रूप अचल राहते. तात्पर्य, शब्द एकच. तो वस्तूविषयी बोलतो की माणसाविषयी, हे सोबतच्या क्रियापदावरून ओळखावयाचे.

मराठीने ही निवड धातूवरच सोपविली आहे. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, फाटणे आणि फाडणे, अशा जोड्या आपल्या जिभेवर सहज असतात. 'फुटलेली' म्हणणारा कर्त्याविषयी मौन पाळतो. 'फोडलेली' म्हणणारा नाव न घेताही कोणाचा तरी हात दाखवितो.

या सोयीचा आम्ही उपयोग कसा करतो? आमच्या हातून बशी पडली, तर ती 'फुटते'. मोलकरणीच्या हातून पडली, तर ती तिने 'फोडलेली' असते. आमच्याकडून चूक 'झालेली' असते. दुसऱ्याने ती 'केलेली' असते. भाषेने दोन शब्द सत्यासाठी दिले. आम्ही ते आपपर भावासाठी वापरले.

कोणी म्हणेल, कर्त्याचा उल्लेख टाळणे ही सभ्यता नव्हे काय? दुसऱ्याचा हात आम्ही पाहिला नसेल, तर ती सभ्यताच होय. किंबहुना तेथे मौन हेच सत्य. परंतु हात जेव्हा आमचाच असतो, तेव्हा तेच मौन पळवाट ठरते.

पाणिनीने संस्कृतातील भूतकालवाचक कृदन्ताच्या 'क्त' आणि 'क्तवतु' या प्रत्ययांना 'निष्ठा' अशी संज्ञा दिली आहे. तेथे त्याला नीती सांगावयाची नव्हती, हे आम्ही जाणतो. तरीही झाल्या गोष्टीविषयी बोलताना निष्ठा हवी, एवढे स्मरण त्या संज्ञेने आम्हांस होत असेल, तर ते वावगे नाही. म्हणून कारकुनाने तूर्त 'फुटलेली' असेच लिहावे. आणि चौकशीअंती हात स्वतःचा निघाला, तर 'मी फोडली' असे लिहिण्यास कचरू नये.